अडतीस पोस्टकार्डं

आमच्या संगणक मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, हुबळीच्या विद्यानगरात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायची. त्र्याण्णव साली आम्ही पाच जणांनी ती सुरू केली, आणि तेव्हापासून चिटणीस मीच. तारिहाळला पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळायचो. कुणाचं मशीन अडलं, कुणाचा प्रोग्रॅम चुकला, की लोक म्हणत, "श्रीहरींना विचारा." मला ते ऐकायची सवय लागली होती. सवय कसली, चटकच.

नव्याण्णवच्या ऑगस्टमधल्या सभेत माझं भाषण होतं. दोन हजार साल उजाडल्यावर जुने प्रोग्रॅम तारखा चुकवतील, ही तेव्हा सगळ्यांचीच काळजी होती. खोली भरलेली. मी फळ्यावर लिहून ठासून सांगितलं, "लक्षात ठेवा, शंभरानं भाग जाणारं वर्ष लीप नसतं. म्हणजे दोन हजारच्या फेब्रुवारीला अठ्ठावीसच दिवस."

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. धारवाडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये नुकतीच शिकवायला लागलेली, निवेदिता. मूळची अळणावरची. सभेला तिसऱ्यांदाच आली होती.

"सर, पण चारशेनं भाग गेला तर ते लीप असतं ना? दोन हजारला जातो की."

मी काही बोलायच्या आत आमचे अध्यक्ष बाळाचार्य, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, कानडीत होकार देत मोठ्यानं म्हणाले, "हौद, हौद! बरोबर आहे पोरीचं." खोलीत हशा पिकला. वाईट हेतूनं कुणी हसलं नव्हतं. मीही हसलो. पण फळा मी घाईघाईनं पुसून टाकला, कारण कारखान्यातल्या पगाराच्या प्रोग्रॅममध्येही मी तीच चूक करून ठेवली होती.

सभा संपल्यावर लोक चहाचे पेले घेऊन तिच्याभोवती जमले. तारखांच्या चुका शोधून काढणारा एक प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. बाळाचार्य मला म्हणाले, "श्रीहरी, पुढच्या महिन्यात हिचंच भाषण ठेवू या."

"ठेवू की," मी म्हणालो. घरी पोचेपर्यंत स्कूटरवर एकच विचार घोळत होता. सहा वर्षं मी या लोकांसाठी पळापळ केली, आणि ही तीन सभांत सगळ्यांची झाली.

सभेची पत्रं मीच हातानं लिहायचो. पत्र आलं नाही की या महिन्यात सभा नाही, असंच लोक धरून चालायचे. अडतीस पोस्टकार्डं. त्या महिन्यातही लिहिली. तिचं नाव, विषय, तारीख अकरा सप्टेंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि गठ्ठा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. उद्या टाकू म्हणालो. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणालो. तिसऱ्या दिवसापासून म्हणायचंही सोडलं.

अकरा तारखेला मी वर गेलो तर निवेदिता आधीच येऊन बसलेली. पॉलिटेक्निकचा संगणक रिक्षात घालून तिनं धारवाडहून आणला होता. सोबत तिचे वडील शंकरराव. अळणावरच्या लाकूड डेपोत कारकून होते. मुलीचं भाषण ऐकायला सकाळच्या गाडीनं आले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा.

साडेपाच वाजले. माझ्यासकट सहा माणसं.

"एवढेच येतात काय गं?" शंकररावांनी हळूच विचारलं.

"परवा गणपती आहेत ना, अप्पा. लोक बाजारात असतील," ती म्हणाली.

ती तासभर बोलली. रिकाम्या खुर्च्यांकडे न बघता, खोली भरलेली असल्यासारखी. उत्तम बोलली. ते कळत होतं म्हणूनच मला ऐकवत नव्हतं. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, त्या रिकाम्या खुर्च्या बघून मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पूजेचं सामान घेऊन घरी आलो तर माझी बायको दीपश्री म्हणाली, "अहो, तुमच्या सभेची पत्रं ड्रॉवरमध्येच राहिली होती. आवरताना सापडली. मी टाकली हं पेटीत."

पिशवी तशीच ठेवून मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे धावलो. रविवार असल्यामुळे पेटी उघडणार नव्हती, पत्रं आतच होती. फटीतून बोटं घातली, पार मनगट सोलवटेपर्यंत. शेजारचे एक गृहस्थ थांबून म्हणाले, "काय हो, चुकून काही पडलं का आत?" मी हात काढून घेतला.

गणपतीनंतर अडतीस घरी पत्रं पोचली. होऊन गेलेल्या सभेची. फोनवर फोन. "पोस्टाचा काय हा कारभार!" जो तो म्हणत होता. मी "हो ना" म्हणत राहिलो.

ऑक्टोबरच्या सभेला त्यामुळेच खूप लोक आले. बाळाचार्यांनी पोस्टखात्याकडे करायची तक्रार लिहूनच आणली होती. "या मुलीचं भाषण वाया गेलं. चिटणीस म्हणून तुझी सही हवी." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी पेन उघडलं. मग म्हणालो, "पोस्टाची चूक नाही. पत्रं माझ्याकडेच राहिली. विसरलो मी."

"होतं सर असं," निवेदिता लगेच म्हणाली. "गणपतीची गडबड होती."

तिनं मलाही तेच कारण दिलं, जे वडिलांना दिलं होतं. ते मला सोसेना.

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "मुद्दाम टाकली नाहीत. तुम्ही माझी चूक काढलीत, ते मला सहन झालं नाही."

 निवेदिता उठून उभी राहिली. मग म्हणाली, "माझे वडील आले होते, सर." एवढंच म्हणून ती खाली बसली.

बाळाचार्यांनी तक्रारीचा कागद फाडला. "नोव्हेंबरला हिचं भाषण पुन्हा होईल. पत्रं तूच लिही. टाकायला मी तुझ्याबरोबर येतो." हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि खरोखरच आले. मी एकेक पत्र पेटीत टाकत होतो, आणि ते शेजारी काठी टेकून मोजत होते.

नोव्हेंबरला खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक दाराशी उभे होते. शंकरराव आले नव्हते. मी विचारलं तेव्हा निवेदिता म्हणाली, "बोलावलंच नाही मी." तिच्या आवाजात राग नव्हता, पण जवळीकही नव्हती.

मी शेवटच्या रांगेत बसलो. टाळ्या वाजल्या तेव्हा छातीत पुन्हा तेच जळलं. मला वाटलं होतं, कबुली दिल्यावर ते जाईल. गेलं नव्हतं. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. काही माना वळल्या.

"आमच्या पगाराच्या प्रोग्रॅममध्येही लीप वर्षाची तीच चूक आहे, एकोणीस ठिकाणी," मी म्हणालो. "माझीच करणी. सुरुवात कुठून करू?"

 ती खडू उचलून फळ्याकडे वळली, आणि मी वहीत उतरवून घ्यायला लागलो.