पालीचे सत्त्याण्णव

सास्तूरच्या पौर्णिमानं बारावीला पाली भाषा घेतली, ती काही धम्माच्या ओढीनं नव्हे. पालीत मार्क पडतात एवढं तिनं ऐकलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. तिची आजी मथुराबाई मात्र हरखली. वस्तीत कुणाचंही मरण झालं की गाथा म्हणायला पहिला आवाज म्हातारीचा असायचा. अख्खी हयात तिनं ती पालीतली मरणाची गाथा म्हटली, पण अर्थ काही ठाऊक नव्हता. कुणाला विचारायची लाज वाटायची. आता घरचीच पोर शिकायला लागल्यावर लाज कसली?

"पोरी, त्या गाथेत काय म्हणलंय गं? माझ्यावर म्हणतील तवा म्या ऐकायला नसन. आदीच सांगून ठेव."

"परीक्षा होऊ दे आजी, मग निवांत सांगते," पौर्णिमा म्हणायची.

तेव्हा तिला तो अर्थ तोंडपाठ होता, हेही खोटं नाही. पण आजीला सांगायचा म्हणजे सोपा करून सांगायचा, आणि म्हातारी शंभर शंका काढणार. शिवशरण सरांनी तर वर्गात बजावलंच होतं, अर्थात शिरू नका, गुंतून पडाल. जसंच्या तसं पाठ करा आणि उतरवून या. सरांचं ऐकणाऱ्यांना मार्क पडत आले होते, मग कशाला कोण शिरतंय!

शेवटचा पेपर सुटला तेव्हा फाटकाबाहेर अकरावीच्या पोरी वाट बघत उभ्याच होत्या. आपलं गाइड तिथंच पुढच्या पोरीच्या हाती द्यायचं आणि मोकळं व्हायचं, अशी त्या कॉलेजात रीत होती. पौर्णिमानंही दिलं. मग पुढं तिला कशाचंच काही वाटेनासं झालं. झोपायचं, उठायचं, मोबाइल बघत पडायचं. निकाल लागला, पालीत सत्त्याण्णव. तिच्या वडिलांनी, म्हणजे नानासाहेबांनी, वस्तीभर पेढे वाटले. तिनंही एक खाल्ला. गोड होता.

जूनमध्ये मथुराबाईनं अंथरूण धरलं. एका दुपारी तिनं नातीला खाटेवर बसवून घेतलं.

"झाली न्हवं परीक्षा? सांग आता."

पौर्णिमानं तोंड उघडलं. गाथा आली, लहानपणापासून कानावरच होती. सोबत म्हातारीचेही ओठ हलले.

"हे मला बी येतंय. फुडं सांग."

पुढं काही नव्हतं. पौर्णिमाचा हात मोबाइलकडं गेला.

"त्याला नगं इचारू. ते कुनाला बी सांगतंय. मला तुझ्या तोंडून पायजे."

पौर्णिमानं डोळे मिटले. उत्तरपत्रिका दिसली, आखलेला समास दिसला, स्वतःचं अक्षरही दिसलं. काय लिहिलं होतं ते मात्र दिसेना. रडू यायला हवं होतं, निदान भीती तरी वाटायला हवी होती. दोन्ही आलं नाही. मथुराबाई तिच्याकडं बघत होती, भरवशानं, कसलीही घाई नसल्यासारखी.

मग एक गोष्ट आठवली, अगदी स्वच्छ. तेवढीच होती, म्हणून तिनं ती सांगून टाकली.

"आजी, हा प्रश्न चार मार्कांना येतो."

अजून काही येईल म्हणून म्हातारी थोडा वेळ थांबली. मग "बरं," म्हणाली आणि भिंतीकडं कुशीवर वळली.