दर्शनाला गेलेली गाडी

मुलांनो, मनातल्या मनात एक मांडव टाका. जालन्यात, रस्त्याच्या कडेला, दवाखान्याच्या लांब दगडी भिंतीलगत. वर निळी ताडपत्री घाला, पण बाजू उघड्याच ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत येईल. भिंतीपलीकडे पांढऱ्या रुग्णवाहिका ओळीनं उभ्या करा. त्या बरेच दिवस हललेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काचांवर धूळ बसू द्या. आता मांडवाच्या तोंडाशी एक मुलगी उभी करा. तिचं नाव तारा. तिच्या हातात पाण्याचा तांब्या आहे आणि ती एका म्हातारीच्या ओंजळीत पाणी ओतते आहे.

"बस्स बाई, लई झालं," म्हातारी म्हणाली आणि ओला हात तिनं तोंडावरून फिरवला. "तुझा बाप कुठं हाय?"

"आत बसलेत. साहेब लोकांशी बोलायला अण्णासाहेब गेलेत ना, त्यांची वाट बघून राह्यलेत."

म्हातारीचं नाव तुळजाबाई. ती राजूरच्या पुढच्या एका वस्तीवरून दोन जीप बदलून आली होती. आल्या आल्या तिनं फडक्यातल्या भाकरी सोडल्या होत्या आणि मांडवातल्या प्रत्येकाच्या हातावर चटणीसकट एकेक ठेवली होती. संपावर बसलेली माणसं उपाशीच असणार, असं ती धरून चालली होती. ते अगदीच खोटं नव्हतं.

तारा पाचवीत होती. शाळेला सुट्टी आणि आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, म्हणून ती रोज बापाबरोबर मांडवात येई. बापाचं नाव संपत. तो रुग्णवाहिका चालवायचा. जिल्ह्यातल्या या गाड्या एक ठेकेदार कंपनी चालवत होती आणि चालक तिच्याच नोकरीत होते. बारा बारा तासांची ड्युटी, आजारपणाला रजा नाही, आणि मनात येईल तेव्हा कुणालाही घरी बसवायची कंपनीला मुभा. माणसं कुरकुरत, पण गाड्या चालत होत्या. मग कंपनीनं संपतला काढलं आणि गाड्या थांबल्या.

त्यानं केलं होतं ते एवढंच. तुळजाबाईच्या सुनेला कापूस वेचताना साप चावला. संपत तिला गाडीत घालून जालन्याकडे निघाला, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तिचा जीव गेला होता. मृतदेह न्यायची वेगळी गाडी असते. ती त्या दिवशी दुसरीकडे गेली होती आणि केव्हा परत येईल ते कुणाला सांगता येत नव्हतं. म्हातारी पायरीवर बसून राहिली. तिच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. संपतनं थोडी वाट पाहिली आणि मग सायरन न लावता गाडी परत राजूरच्या रस्त्याला घातली.

कंपनीचा नियम सरळ होता. रुग्णवाहिका जिवंत माणसासाठी. तिच्यात मृतदेह ठेवला की चालकाची नोकरी गेली. गाडीत एक यंत्र बसवलेलं असतं, ते गाडी कुठे गेली हे कंपनीला कळवतं. आत कोण होतं हे मात्र त्याला कळत नाही. ते संपतनंच सांगितलं. साहेबांनी विचारलं, कुठं गेला होतास? आणि त्यानं होतं तसं सांगून टाकलं.

म्हणून आज तुळजाबाई आली होती. "सायबाला मी सांगते," ती सकाळपासून म्हणत होती. "माह्या तोंडानं सांगते. मंग कसं न्हाई ऐकत ते बघू."

अण्णासाहेब परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ते चालकांच्या संघटनेचे पुढारी, पण स्वतःही आयुष्यभर गाडीच चालवलेली. ते आत आले, कुणाकडेही न बघता सतरंजीवर बसले, आणि चपला पायात राहिल्यात हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"आठ तासांची ड्युटी कबूल," ते म्हणाले. "आजारपणाची रजा कबूल. कारण दिल्याबिगर कुणाला काढणार न्हाईत, तेबी कबूल."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे त्यांच्या चपलांकडे बघत होते.

"आन संपत?" कचरूनं विचारलं. कचरू घनसावंगीचा चालक. त्याच्या चेष्टांवरच मांडवाचे दिवस निघत होते.

"संपतलाबी घेतेत. पण त्यानं एक म्हणायचं." अण्णासाहेबांनी घसा खाकरला. "गाडीत कुणी नव्हतं, असं. चतुर्थी होती त्या दिवशी. राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेल्तो, असं म्हणायचं. खासगी कामाला गाडी नेली तर नुसता ठपका बसतो. मढं नेलं तर माफी न्हाई."

"अरे वा," कचरू म्हणाला. "संपत, तुला तर देव न जाताच पावला की रे!"

तो एकटाच हसला, आणि तेही अर्ध्यावर थांबला.

"आन म्या न्हाई म्हणलं तर?" संपतनं विचारलं.

"तर सगळंच न्हाई. उद्या सकाळी नवी पोरं येऊन राह्यली गाड्यावर बसायला. मोंढ्याजवळच्या लॉजवर उतरलीबी हायेत. मी डोळ्यानं बघून आलो."

कुणीतरी तोंडातल्या तोंडात शिवी दिली. अंकुशनगरचा एक चालक कालपासून मांडवात आलाच नव्हता. तो पोटासाठी रोजानं उसाच्या मोळ्या उचलायला गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. सकाळीच एका पोराला त्याच्या मामानं मोटरसायकलवर पुढे बसवून दवाखान्यात आणलं होतं. पोराची मान लुळी पडून हलत होती. मांडवातल्या प्रत्येकानं तेव्हा दुसरीकडे बघितलं होतं. आता अजून काही दिवस असं बघत बसायची ताकद तिथं कुणात उरली नव्हती.

"जबरदस्ती न्हाई संपत," अण्णासाहेब म्हणाले. "तू न्हाई म्हण, आमी उठून घरी जातो. बिलकुल बोल लावणार न्हाई तुला."

संपत बराच वेळ सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"मावशीला कोण सांगणार?" शेवटी त्यानं विचारलं.

मग तोच उठला.

तुळजाबाई मांडवाच्या कडेला खांबाला टेकून बसली होती. तारा तिच्याजवळच होती. संपत दोघींच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीनं मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हंजी तुमी आमच्या दारात आलाच न्हाई, असं?"

"हां मावशी. असं."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मंग तिला घरी कुणी आणलं म्हणू?"

संपतनं तोंड तळहातांत लपवलं. तारानं बापाला असं कधी बघितलं नव्हतं. तिनं तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला, पण त्यानं तो घेतला नाही.

"बरं बरं," तुळजाबाई म्हणाली. "तुमी उठा. मी बसते इथंच मुक्यावानी. माह्यामुळं तुमच्या लेकरायच्या तोंडचा घास जायला नको."

तेवढ्यात कंपनीचे महाजन साहेब आले. तरुणच होते, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ही पळवाट त्यांनीच शोधून काढली होती आणि संपत दर्शनालाच गेला होता असं वर कळवलंही होतं. पण वरच्या साहेबांना चौकशी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती, म्हणून महाजनांनी मोबाईल खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा केला. पडद्यावर चष्मा लावलेला एक माणूस दिसू लागला. त्याच्या मागे एसी असावा, कारण त्यानं जाकीट घातलं होतं.

"सांगा," फोनमधला आवाज म्हणाला. "त्या दिवशी गाडी राजूरला का नेली?"

संपत फोनसमोर उभा राहिला. हात पँटच्या शिवणीला लावून, शाळेत उभं राहतात तसा.

"दर्शनाला गेल्तो साहेब."

"गाडीत कोण होतं?"

"कुणी न्हाई."

"पण आधी तुम्ही वेगळंच सांगितलं होतं."

"आधी..." संपत अडखळला. महाजन साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "आधी घाबरून बोललो, साहेब. देवाला गेल्तो म्हणायची लाज वाटली."

"तुम्हाला तिथे कुणी पाहिलं?"

हा प्रश्न ठरलेला नव्हता. अण्णासाहेबांनी महाजनांकडे बघितलं, महाजनांनी फोनकडे. फोनमधला माणूस वाट बघत होता, आणि त्याला जितकी जास्त वाट बघावी लागेल तितकं सगळं हातातून निसटत जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"म्या पाह्यलं."

तुळजाबाई खांबाला धरून उठली होती. पदर सावरत ती पुढे आली. फोनमध्ये नेमकं कुठे बघायचं हे तिला समजेना, म्हणून ती खुर्चीकडेच बघून बोलली.

"मी तिथलीच हाय, राजूरच्या शिवारातली. चतुर्थीला मीबी देवाला गेल्ते. ह्यो नारळाच्या दुकानापाशी उभा व्हता. गाडी रिकामी व्हती, सायब. आत कुणी नव्हतं."

शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू आलं. कचरूनं तोंड फिरवलं. संपत तसाच ताठ उभा होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

"हा रडतोय का?" फोनमधल्या आवाजानं विचारलं.

"नोकरीचा प्रश्न आहे, सर," महाजन घाईनं म्हणाले.

"हं. आणि ती लहान मुलगी कोण?"

"त्याचीच मुलगी."

"पुढे आणा तिला."

अण्णासाहेबांनी ताराच्या पाठीवर हात ठेवला, पण ढकललं नाही. ती आपणच पुढे गेली. पडद्यावरचा माणूस चष्मा काढून हसला. हसला तेव्हा तो वाईट दिसत नव्हता.

"बाळ, नाव काय तुझं?"

"तारा."

"छान. तारा, बाबा राजूरला देवाला गेले होते ना? मग येताना तुझ्यासाठी काय आणलं त्यांनी?"

मुलांनो, त्या संध्याकाळी काय झालं होतं ते ताराला पक्कं आठवत होतं. बाबा आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. अंगणात उभे राहिले. ती धावत गेली तर म्हणाले, "शिवू नको, लांब हो." मग आईनं लांबूनच त्यांच्यावर पाणी ओतलं, अंगावरच्या कपड्यांसकट, बादलीमागून बादली. बाबा थंडीनं काकडत होते. त्यांनी काही आणलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवलेही नव्हते.

आणि खोटं बोलायचं नाही, हे तिला याच बापानं शिकवलं होतं.

तिनं बापाकडे बघितलं. तो समोर बघत होता. तिनं अण्णासाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग तिनं तुळजाबाईकडे बघितलं. म्हातारीनं तिच्याकडे नीट बघून मान हलवली, अगदी थोडी.

"पेढे," तारा म्हणाली. "पेढे आणले."

"अरे वा. कसे होते?"

"गोड."

फोनमधला माणूस समाधानानं मागे टेकला. "ठीक आहे, महाजन. ठपका ठेवा आणि घ्या त्याला. बाकीचंही ठरल्याप्रमाणे." पडदा काळा झाला.

क्षणभर कुणाचाच विश्वास बसेना. मग सगळे एकदम उठले. कुणी अण्णासाहेबांना मिठी मारली, कुणी नुसतंच ओरडलं. एक चालक मटकन खाली बसला आणि डोकं गुडघ्यात घालून हुंदके देऊ लागला. महाजन साहेब प्रत्येकाशी हात मिळवत सुटले. "जल्दी चला रे, जल्दी," म्हणत कचरू भिंतीच्या दारातून आत पळाला, आणि बाकीचे त्याच्यामागे. संपत तिथंच उभा होता. त्यानं ताराकडे दोन्ही हात पुढे केले.

तारा त्याच्या बाजूनं पुढे गेली.

तुळजाबाई फडकं झटकून त्याची घडी घालत होती.

"आजी, जाऊ नका."

"जीप निघंल बाई. अंधाराच्या आत पोचाया पायजे."

"आधी मला सांगा."

"काय सांगू?"

"साहेबांना सांगणार होता ते. सगळं."

म्हातारीनं घडी घालायचं थांबवलं. "आता कशाला? मिटलं ना समदं."

"त्या काकूंचं नाव काय होतं?"

तुळजाबाईनं तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मांडवातल्या एकानंही नाही. तिचे ओठ हलले, पण त्याच वेळी भिंतीपलीकडे पहिली गाडी सुरू झाली, मग दुसरी, आणि चालकांनी आनंदाच्या भरात सगळे सायरन एकदम लावले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

तारानं म्हातारीचा हात धरला, तिला पुन्हा खांबापाशी खाली बसवलं, स्वतः तिच्यापुढे मांडी घातली, आणि एकही शब्द सुटू नये म्हणून आपला कान तिच्या तोंडाशी नेला.