पाच क्विंटलच्या वर नको

ट्रेलरच्या मागच्या फळीवर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं : 'वजन ५ क्विंटल. जास्त घालू नये.' अक्षर दिग्विजयचं. शेवटी जागा संपली म्हणून 'नये' कोपऱ्यात दाबून बसवलेलं, भरल्या एसटीत दोघांच्या बाकड्यावर तिसरा टेकतो तसं.

विजयमालेला वाचता येत नव्हतं असं नाही. सातवी झाली होती ती, आणि लेकानं लिहिलेलं तर दारात उभी राहून रोज वाचायची. तरीसुद्धा आदल्या दुपारी नवरा छोटा हत्ती टेम्पोत डिझेल भरायला गेला, सून गल्लीतल्या बायकांचा निरोप घ्यायला गेली, तेवढ्यात तिनं शेजारच्या बिरप्पाला हाताशी धरलं. सुनेचं सामान ट्रेलरमध्ये नीट लागलेलं होतं. ते पुढं सरकवून तळाला जागा केली आणि तिथं दोन वाकळांत गुंडाळून दिग्विजयचं वेल्डिंगचं मशीन ठेवलं. त्यावर ज्वारीचे चार कट्टे. मग शेंगांचं पोतं. मग पाटा-वरवंटा.

"काकू, मशीन कशाला? नवं पाव्हणं काय ग्रिलं करत्यात व्हय तिकडं?" बिरप्पा म्हणाला.

"तू उचल. वजन तुझं, बोलणी माझी."

बिरप्पानं उचललं. चार वर्षं ते एका जागी बसून होतं. खालची फरशी वेगळ्याच रंगाची निघाली.

चार वर्षांपूर्वी कुर्डुवाडीहून केमला येताना सत्तावीस वर्षांच्या दिग्विजयची मोटरसायकल रात्री रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागं अंधारात चमकणारी लाल काच नव्हती. आणि हा पोरगा असा, की आपल्या वेल्डिंगच्या दुकानात आलेल्या प्रत्येक ट्रॉलीला फुकट लाल काचा लावून द्यायचा. लोक म्हणाले, नशीब. विजयमालेचा नशिबावर राग नव्हता, त्या एका काचेवर होता.

सून अपेक्षा तेव्हा चोवीस वर्षांची. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पोरबाळ नाही. माहेरी गेली नाही. ब्लाऊज शिवत राहिली, सासूच्या गोळ्या वेळेवर देत राहिली. मागच्या दिवाळीत सासरे रावजी जेवता जेवता, मीठ मागावं तसं म्हणाले, "पोरीला उजवली पायजे." विजयमालेनं ताट बाजूला सारलं. पण दुसऱ्या दिवसापासून स्थळं शोधायला तीच पुढं. चिपळूणच्या अलीकडं रोपवाटिका असलेला महेश्वर मिळाला. त्याची पहिली बायको वारलेली, माणूस शांत. गाव म्हणालं, सासू-सासरं सुनेचं कन्यादान करणार? ह्ये काय पिच्चर हाय का? रावजींनी केलं.

लग्नात भटजी म्हणाले, आता ह्यांना आई-बाबा म्हणायचं. अपेक्षानं मान हलवली आणि संध्याकाळी पुन्हा, "आत्या, चहा टाकू का?" विजयमालेला बरं वाटलं. लेक म्हटली की जाणारच. सून म्हणजे घरातली.

आठ दिवस तिकडं राहून अपेक्षा सामान न्यायला आली होती. महेश्वर म्हणाला होता, मी टेम्पो पाठवतो. रावजी म्हणाले, "लेकीचं सामान बाप पोचवतो. तुमी फकस्त दार उघडं ठेवा."

आता त्या सामानात मशीन घालण्यामागं विजयमालेचं गणित सरळ होतं. आज ना उद्या आपण दोघं जाणार. मग दिग्विजय नावाचा कुणी होता, हे सांगायला केममध्ये काय उरणार? चार खिडक्यांची ग्रिलं, दोन फाटकं. ती गंजणार. पण अपेक्षाच्या घरात कोपऱ्यात मशीन असलं, तर कधीतरी कुणीतरी विचारील, हे कुणाचं? आणि तिला सांगावं लागेल. नाव घ्यावं लागेल.

ज्वारीचं कारण त्याहून साधं. पोरगी भातावर किती दिवस राहील!

सकाळी सहाला निघाले. केबिनमध्ये तिघं. रावजी स्टिअरिंगवर, अपेक्षा खिडकीला, मधे विजयमाला. गिअर टाकला की दांडा तिच्या गुडघ्याला लागायचा. मांडीवर पिशवी : नारळ, खण, हळद, केमचं कुंकू. नव्या घराच्या उंबऱ्यावर अपेक्षाची ओटी भरायची होती. चार वर्षं त्या पोरीची ओटी कुणी भरली नव्हती. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती आत भाजी निवडत बसायची. लग्नात भरली ती नवऱ्याकडच्या बायकांनी. विजयमाला वाढपाचं निमित्त काढून मागंच राहिली होती. ते राहिलं होतं. तांदूळ तेवढे बरोबर घेतले नाहीत. कोकणात तांदूळ नेणं म्हणजे केमला कुंकू आणून देणं.

अकलूजच्या पुढं रावजी म्हणाले, "आज गाडी जड का लागतीय?"

"रस्ता खराब हाय."

"सरळ डांबर हाय की!"

"मग तुमचं वय झालं."

अपेक्षा खिडकीकडं तोंड करून हसली. म्हसवडला रावजींनी उतरून ट्रेलरच्या टायरला लाथ मारून पाहिली आणि ताडपत्रीकडं हात नेला. विजयमालेनं त्याच हातावर लाडू ठेवला. माणूस गोडाचा. ताडपत्री राहिली.

उंब्रज गेलं, पाटण गेलं. चढाला छोटा हत्ती दुसऱ्या गिअरात धापा टाकायला लागला. कुणीतरी मागून पदर धरून ठेवल्यासारखा ट्रेलर ओढत होता. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून, वर मान काढून बघून पुढं जात होते. "आज्जा, घर हलवलं का काय?" एक जण ओरडला. कोयनेचं धरण मागं पडलं आणि कुंभार्लीचा उतार सुरू झाला, तेव्हा विजयमालेनं सुटकेचा निःश्वास सोडला. तिला वाटलं, चढ संपला म्हणजे संपलं.

रावजींना तसं वाटलं नाही. चढाला ओढायचे कष्ट असतात. उतारावर मागचं पुढच्याला ढकलायला लागतं.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याला ट्रेलरनं गाडीचा मागचा भाग जरा बाजूला लोटला. मग जळका वास आला, तव्यावर रबर विसरल्यासारखा. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं रावजींचा पाय खाली गेला आणि खालीच राहिला.

"ब्रेक बसंना," ते म्हणाले. आवाज साधाच होता.

उजवीकडं दरी. रावजींनी पहिला गिअर ओढला, इंजिन किंचाळलं. त्यांनी हँडब्रेक वर घेतला आणि डावी चाकं डोंगराकडच्या गटारीत घातली. पत्रा दगडाला घासत गेला. ट्रेलर जोडणारा आकडा कडाडला, पण तुटला नाही. तोही दिग्विजयनंच जोडलेला. दहा-बारा पावलं तसं घासत जाऊन गाडी थांबली. पुरती थांबायच्या आतच अपेक्षानं उडी टाकली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचून तिनं दगड उचलला आणि ट्रेलरच्या चाकापुढं टाकला. मग दुसरा.

 चाकांतून धूर येत होता. वळणावरच्या चहाच्या टपरीतून एक बाई बादली घेऊन पळत आली.

"पाणी नको, बाई," रावजी म्हणाले. "आपआपलं गार होऊ द्या. तापल्यावर पाणी मारलं की तडकतं."

मग ते मागं गेले आणि ताडपत्री सोडली.

"ही ज्वारी कुणी घातली?"

विजयमाला ट्रेलरपाशी आली.

"मी," विजयमाला म्हणाली.

"आन् शेंगा?"

"त्या पण मीच. पाटा पण मीच. पोरीला काय रिकामी धाडू व्हय!"

रावजींनी पाटा उतरवला, पोतं उतरवलं, कट्टे एकेक करून रस्त्याच्या कडेला टेकवले. तळाला वाकळा दिसल्या. अपेक्षानं एकीचं टोक ओढलं. आतून जाड काळी केबल बाहेर आली, तिच्या टोकाला पकड, पकडीवर जळल्याचे डाग. पोरगी हात मागं घेऊन उभी राहिली.

"आत्या, ह्ये..."

"असू दे गं. घरी पडूनच हाय. एका कोपऱ्यात ठिव. खायला मागतंय का ते?"

अपेक्षा कठड्यावर जाऊन बसली. ती ओरडली असती तर विजयमालेला उलट ओरडता आलं असतं. ती हळूच बोलली.

"दिवाळीपासनं रोज एक एक वस्तू मनातनं खाली ठिवत आले मी. त्यांचा शर्ट. चष्मा. ताट. शेवटी मशीन राहिलं होतं. परवा एकटी दुकानात जाऊन त्याला हात लावून आले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आत्या, मला एकदा रिकामी जाऊ द्या की."

विजयमाला फळीकडं बघत राहिली. रावजींनी तळहातानं फळीवरची धूळ पुसली, पिवळी अक्षरं वर आली.

"माझं कधी ऐकलं न्हाईस, ठीक हाय," ते म्हणाले. "पोरगं लिहून गेलं होतं. त्येचं तर ऐकायचं."

मशीन तिघांनी मिळून उतरवलं. विजयमालेनं जड बाजू धरली आणि मधे टेकू दिलं नाही. टपरीच्या भिंतीला लावून ठेवलं. तासाभरानं चाकं गार झाली. रावजींनी वर-खाली करून ब्रेक पाहिला, धरत होता.

"ह्ये सामान हितंच राहू दे. आपण जाऊ, उद्या परत जाताना उचलू," ते म्हणाले.

"ठेवा की, मी बघते. इथून कोण नेतोय?" टपरीवाली म्हणाली.

विजयमालेनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"मी बसते हितं," ती म्हणाली. "तुमी पोचवून या. पाव्हण्याला म्हणावं, मला न्यायला रातच्याला एखादी गाडी पाठवा, न्हायतर राहू द्या, मी ह्या बाईपाशी झोपंन."

"येड लागलं का तुला? घर बघायचं म्हणून महिनाभर लुगडं काढून ठिवलंयस!"

"घर काय पळतंय का? माझं वजन बहात्तर हाय. डॉक्टरच्या काट्यावर. चपला सोडून."

"तुला कुणी उतर म्हणलंय?"

"कुणी म्हणायच्या आधीच उतरावं, अवो," विजयमाला म्हणाली. रावजींनी तिच्याकडं पाहिलं. चौतीस वर्षं त्यांनी हे तोंड पाहिलं होतं.  टायरची हवा बघायला गेले, जी मघाच दोनदा पाहून झाली होती.

मग विजयमालेनं पिशवी उघडली. नारळ काढला, खण काढला, कुंकवाची पुडी वाऱ्याला पाठ करून सोडली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, तांदूळ तिकडं घरी मिळणार होते, इथं नाहीत. तिनं केसांतला आकडा काढून ज्वारीच्या एका कट्ट्याची शिवण उसवली.

"ज्वारीनं कुणी ओटी भरतं का?" रावजी टायरापाशी बसूनच म्हणाले.

"कळू दे कोकणाला, पोरगी कुटनं आली त्ये."

ट्रक घरघरत खाली-वर जात होते. टपरीवाली चहाची किटली हातात धरून थांबली होती. अपेक्षानं पदर पसरला. विजयमालेनं तिला हळदीकुंकू लावलं. ह्या खेपेला ती मागं राहिली नाही. पदरात नारळ, त्यावर खण, मग ओंजळीनं ज्वारी. एक, दोन, तीन, चार, पाच. दोन क्विंटल भरली होती तिनं. पोरीच्या पदरात गेली ती एवढीच.

अपेक्षा वाकली. पायांवर डोकं टेकवून जरा वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलेलं.

"येते, आई," ती म्हणाली.

विजयमालेनं तोंडानं आशीर्वाद दिला. मग ती एक पाऊल मागं सरली, गाडीचा आकडा काढल्यावर ट्रेलर जरासा मागं सरतो आणि मग जागच्या जागी राहतो, तसं. लेक झाली पोर. आता जाणारच.

"सावकाश न्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. "ज्या गिअरात चढलाव, त्याच गिअरात उतरा."

"मला शिकिव आता," रावजी म्हणाले आणि नाक शिंकरून गाडीत बसले.

गाडी निघाली. ट्रेलर या खेपेला निमूट मागं चालला, शिकवलेल्या बैलासारखा. पिवळी अक्षरं वळणापर्यंत वाचता येत होती, मग नुसती पिवळी रेघ, मग तीही नाही. एकदा खालच्या वळणावर ताडपत्रीचा निळा तुकडा दिसला. काडेपेटीएवढा. कठड्यावर एक माकड येऊन बसलं आणि उसवलेल्या कट्ट्याकडं बघायला लागलं.

विजयमाला मशीनवरच्या वाकळेवर बसली. तिचा हात आपोआप खाली गेला आणि पत्र्यावरून फिरत राहिला.

टपरीवाली जवळ आली. "मावशी, ज्वारी विकायची आहे का?"

"न्हाय. परत न्यायची हाय."

"आणि हे मशीन? कुणाचं हे?"

विजयमालेनं मान वर केली. दरीत ऊन उतरत होतं. खालून गिअर बदलल्याचा आवाज आला, तो आपल्याच गाडीचा की दुसऱ्या कुणाच्या, आता सांगता येत नव्हतं.

"तू आधी चहा ठिव," ती म्हणाली. "सांगते. लई मोठं न्हाय. सत्तावीस वर्षांचंच हाय."