चरबी नव्हे, पाणी

"आठवड्यात चार किलो!" हकीम ताजुद्दीनने पुकारा केला. काट्यावरचा माणूस स्वतःच्याच पोटाकडे परक्यासारखा बघत खाली उतरला.

सौदीतल्या दम्माममधल्या मोहियुद्दीनशेठच्या दिवाणखान्यात त्या शुक्रवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. रत्नागिरी-रायगडकडची साठीला टेकलेली, अंगाने सुटलेली मंडळी दाटीवाटीने बसली होती. विषारी गॅसच्या भीतीने खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या, दाराखाली ओले टॉवेल खुपसले होते. इराकची क्षेपणास्त्रं केव्हा येतील याचा नेम नव्हता.

"चरबी म्हणजे काय? गोठलेलं तूप," हकीम काट्यावर फुंकर घालत म्हणाला. "माझं चूर्ण पोटात गेलं की वितळलंच. आणि गॅसचा मास्क जाड मानेवर बसत नाही, हे ध्यानात ठेवा. गॅस आला तर आधी कोण जाईल, तुम्हीच सांगा. फक्त डॉक्टरांजवळ बोलू नका. बरकत जाते."

रुकय्याचाचीने नकळत मानेवरून हात फिरवला. तिचे गुडघे केव्हाचे धरले होते. भोंगा झाला की तिसऱ्या मजल्यावरून तळघरात पोचायला तीच शेवटची. आणि नवरा, बदरुद्दीन, तिला टाकून एक पायरी पुढे जात नसे. माझ्या वजनापायी हा मरणार, हे भय तिला युद्धाहून मोठं झालं होतं.

तिने चूर्ण सुरू केलं. काटा भराभर उतरू लागला. तोंडाला कोरड पडली, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, दिवसभर मोरीच्या चकरा. हकीम म्हणाला, "चरबीच बाहेर पडतेय, खाला."

त्याच सुमाराला चूर्ण घेणारे अलीभाई झोपेतच गेले. सगळ्यांत जास्त वजन त्यांचंच उतरलं होतं. "भोंग्याचा धसका," हकीम म्हणाला. धसका तर प्रत्येकानेच घेतला होता, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. रुकय्याने चूर्ण घेणं सोडलं नाही.

एका संध्याकाळी भोंगा झाला. जिन्यात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बदरुद्दीनच्या अंगावर कोसळली. वर आकाशात धडाके होत होते. मागून उतरणारी डॉक्टर मुग्धा थांबली. ती मूळची नाशिकची, त्याच इमारतीत राहणारी. तिने नाडी धरली.

"चाची, कसलं औषध घेता?"

"काही नाही गं."

"नाडी अडखळतेय. माझ्यापासून लपवू नका."

रुकय्याला हकीमाचे शब्द आठवले. बरकत जाईल. मग तिची नजर बदरुद्दीनच्या तोंडाकडे गेली, आणि तिने सगळं सांगून टाकलं.

मुग्धाने तिला इस्पितळात नेलं, सलाइन लावलं, चूर्ण तपासायला दिलं. चार दिवसांत गेलेलं वजन परत आलं. रुकय्याला रडू आलं. मुग्धाने मग चूर्णात काय सापडलं ते तिला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी रुकय्या स्वतः काट्यावर चढली. आकडा सगळ्यांना दाखवला. खाली उतरून लिटरच्या दोन बाटल्या पाणी हळूहळू प्यायली आणि पुन्हा चढली.

"दोन किलो वाढले," मोहियुद्दीनशेठ वाकून म्हणाले.

"एवढ्यात मला चरबी चढली का, हकीमसाब?"

हकीम हसला. "पाण्याचं वजन आहे ते, खाला."

"मग तुम्ही उतरवता तेही पाण्याचंच."

रुकय्यासोबत आलेली मुग्धा पुढे आली. "चूर्णात पाला नावाला आहे. आत लघवी करवणाऱ्या गोळ्या कुटून घातल्यात. पायांना सूज आली की आम्ही त्या मोजून देतो. चरबी तसूभर हलत नाही. पाणी जातं आणि त्याबरोबर क्षारही जातात. हृदयाचे ठोके त्या क्षारांवर चालतात."

अलीभाईंची बायको आलिमा कोपऱ्यात बसली होती. तिने हळूच विचारलं, "म्हणजे आमचे हे..."

"ते आता कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही," मुग्धा म्हणाली. "पण ज्यांनी चूर्ण घेतलंय, त्या सगळ्यांनी आजच तपासून घ्या."

कुणीतरी चूर्णाची बरणी हिसकावली. त्या गडबडीत हकीम निसटला. आठ दिवसांनी खबर आली, की तो जवळच्या जुबैल शहरात काटा मांडून बसलाय आणि तिथेही गर्दी जमतेय.

रुकय्याने जुबैलच्या एकेका ओळखीच्या घरी फोन लावला.

"झटपट उतरतं ते पाणी असतं, आपा. चरबी महिन्याला किलो-दीड किलो उतरली तरी पुष्कळ. ताटातला भात अर्धा कर, तूप आवर, भाजी-डाळ वाढव. रोज घरातल्या घरात चाल, गुडघे सोसतील तेवढंच. मीही चालतेय. अजून जिन्यात सगळ्यांच्या मागेच असते, पण भिंत न धरता उतरते. आणि डॉक्टरला सांगू नका असं जो म्हणेल ना, त्याचं औषध तोंडात घालण्याआधी डॉक्टरलाच दाखव."

पलीकडची बाई म्हणाली, "मी आज सकाळीच घेतलंय, रुकय्या. तुझ्या डॉक्टरणीचा नंबर सांग."