गळक्या बादलीचा तास

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो, आणि गळकी आहे. नाक मुरडू नका! तळाजवळच्या छिद्रामुळेच तर मी गणिताच्या बाईंकडे कॉलेजात नोकरीला लागले.

कारखान्यातून निघाले तेव्हा धडधाकट होते. फरशी पुसण्यातच माझा जन्म गेला असता. पण बाईंनी मला छिद्र पाडलं आणि वर्गातल्या मुलांसमोर टेबलावर बसवलं. त्यांचा नियम एकच: आधी अंदाज, मग मोजणी, सूत्र सगळ्यांत शेवटी. पाणी कधी संपेल यावर मुलं अशी हमरीतुमरीवर येत, की मला भरून पावल्यासारखं वाटे.

मग नवे प्राचार्य आले. "गणिताला फळा पुरतो. बादली कशाला?" एक तास बघून ते ठरवणार होते, आमची प्रयोगांची खोली ठेवायची की तिथे मोडकी बाकं भरायची.

त्या तासाच्या आदल्या दिवशी बाईंनी मला घासायला घरी नेलं. बाईंचे यजमान प्रेमळ, पण त्यांना दुरुस्तीचा भारी सोस.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्राचार्यांसमोर बाईंनी पाणी भरलं, तर थेंब पडेना. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, गळत होती ती. लांबी भरून छिद्र बुजवून टाकलं," यजमान कौतुकाने म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. पाणी ओतून त्यांनी ड्रिल मागवलं. नवं छिद्र मोठं पडलं, जुने आकडे कुचकामी झाले.

"आता उत्तर मलाही माहीत नाही," बाई मुलांना म्हणाल्या. "मिळून शोधू या."

वर्ग नुसता उसळला! मुलं आत पट्टी धरून मिनिटामिनिटाला पातळी मोजू लागली. चार मिनिटांत मी अर्धी झाले.

"म्हणजे आठ मिनिटांत रिकामी," प्राचार्य म्हणाले.

"नाही सर," पुढच्या बाकावरची वेणीवाली म्हणाली. "पाणी उतरतंय तसा धारेचा जोर कमी होतोय."

मुलांनी आलेख काढला, बाईंनी सूत्र जुळवायला मदत केली. उत्तर आलं साडेतेरा मिनिटांच्या जरा पुढे. माझा जीव टांगणीला लागला. आठ मिनिटं झाली, धार चालूच. दहा झाली. प्राचार्य खुर्ची सोडून माझ्याशेजारी वाकले. साडेतेरा उलटली आणि धार तुटली. टाळ्या अशा वाजल्या, की मी आनंदाने फुटते की काय असं मला वाटलं.

"पुन्हा भरा," प्राचार्य बाह्या सरसावत म्हणाले. "अर्धीच भरा. आणि आधी माझा अंदाज लिहून घ्या."

खोली राहिली, मित्रांनो! आता माझ्यापुढे रोज नवा वर्ग भांडतो. मला जरूर जपा, घासा, उन्हात टाकू नका. पण दुरुस्त करण्याआधी एवढं विचारा, ही गळते ती कशासाठी?