निळ्या फुलाची राखण

कुंपणाचा खांब उपटून आडवा केला होता. तो पाहताच थोरली धावतच आत शिरली. निळ्या फुलाची रोपं बुडख्यापर्यंत कुरतडलेली, आणि मातीत जिकडेतिकडे खुरांचे ठसे.

हे फूल आता या एकाच डोंगरावर उरलं होतं. वनखात्याच्या खालच्या रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली रोपं इथं लावली, तेव्हापासून राखण थोरलीकडे होती. नवरा गेल्यापासून ती धाकट्या दिराच्या घरी राहायची. आणि डोंगराच्या या अंगाला बकऱ्या होत्या त्या फक्त दिराच्या.

ती तशीच घरी उतरली. दीर बकरीची धार काढत होता.

"भाऊजी, खांब तुम्ही पाडलात?"

"खाली गवताची काडी नाही, वहिनी. पिल्लांना काय भाषण पाजू?"

"अहो, पण ती रोपं दुर्मिळ..."

"बकरीला काय कळतंय दुर्मिळ न् फिर्मिळ? तिला हिरवं कळतं." तो हसला, पण त्यानं मान वर केली नाही. "रानडुकरं आली म्हणा. डुकरं काही साक्षीला येत नाहीत."

धाकटी जाऊ दारातून म्हणाली, "ताई, घरातलं घरातच राहू द्या."

थोरलीला बसवेना की उभं राहवेना. पाण्याचा पेला तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला. पुन्हा डोंगर चढली. उघड्या मुळांवर ओंजळीनं माती लोटली, खांब उभा केला, तो हलतोय म्हणून बुडाशी दगड ठोकले. वाटेकडे बघायचं नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा वाटेकडेच बघत राहिली.

दुपारी वनखात्याच्या मॅडम ठरल्याप्रमाणे पाहणीला आल्या. उकिडव्या बसून एकेक रोप बोटानं चाचपत राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, "मावशी, रानडुकरं असतील का हो?"

नुसती मान डोलवायची होती. पण आज डुक्कर म्हटलं, तर उद्या खांब पुन्हा पडणार होता.

"नाही," थोरली म्हणाली. "रानातलं कुणी नाही. घरच्याच बकऱ्या आहेत. आमच्या."

पुन्हा दिसल्या तर जप्त होतील, असं दिराला बजावून मॅडम गेल्या. त्या संध्याकाळी कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. जेवता जेवता दीर एवढंच म्हणाला, "राखण चांगली करता, वहिनी. कुणाची करता, तेवढं बघा."

सकाळी थोरली अंथरूण घेऊन राखणीच्या खोपीत राहायला गेली. थांबा, असं कुणी म्हणालं नाही.

काही आठवड्यांनी एका बुडख्याला कोंब दिसला. मग शेजारच्याला. थोरली बघतच राहिली आणि एकदम उठून, चपला न घालताच उतरणीला लागली. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

वळणावर घर दिसलं, तशी ती थबकली. गोठा रिकामा होता. बकऱ्या विकल्याचं कानावर आलं होतं, पाहिलं आज. अंगणात जाऊ चादरी धूत होती; त्या पिळताना दुसरं टोक नेहमी थोरली धरायची. तिनं वर पाहिलं. थोरलीचा हात अर्धा वर गेला.

जाऊ क्षणभर थांबली. मग ओल्या चादरीचं एक टोक खुंटीला अडकवून ती एकटीच पिळू लागली.