दाबलेलं भाषण

मी एक बटण बोलतंय. दचकू नका. बोलणाऱ्यांना गप्प करण्यातच माझा जन्म गेला.

छप्पन साली लंडनच्या एका टीव्ही स्टुडिओत मी मिस प्रुएट यांच्या अंगठ्याखाली होतं. जुनी नाटकं काटछाट करून तिथून थेट दाखवत, रविवारी एकदा आणि गुरुवारी पुन्हा. नट अडखळला की बाई मला दाबायच्या, म्हणजे घरोघरचा आवाज बंद. मग त्या हळूच शब्द पुरवून मला सोडायच्या. तेवढ्यात लोक बिचारे आपल्याच टीव्हीला थपडा मारून घेत.

थॅकवे हे म्हातारे नट. आंधळ्या राजाचं काम त्यांनी तीस वर्षं रंगमंचावर केलेलं. त्यातलं चाळीस ओळींचं भाषण दिग्दर्शक क्रॉइल यांनी सहा ओळींवर आणलं.

"साहेब, माझी बहीण लीड्सला अंथरुणाला खिळलीय. तिनं माझं एकही नाटक पाहिलं नाही, आता टीव्हीवर बघेल. एवढं भाषण तरी राहू द्या."

"थॅकवे, लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन ओरडायचं नसतं."

रविवारी सहा ओळी झाल्या आणि म्हाताऱ्याच्या जिभेनं सवयीनं सातवी धरली. बाईंच्या कानातल्या यंत्रात क्रॉइल म्हणाले, "दाबा. चेहरा झकास आहे, आवाज नको."

चौतीस ओळी मी दाबलेलं होतं. थॅकवे रडत बोलत होते. स्टुडिओत सगळ्यांना ऐकू येत होतं, घरी कुणालाच नाही.

सोमवारी वर्तमानपत्रानं राजाच्या 'मूक विलापा'ची वाहवा केली. थॅकवे परीक्षणं वाचत नसत, जुन्या नटांचा तो नेमच. मंगळवारी क्रॉइल त्यांना गोड आवाजात म्हणाले, "गुरुवारच्या प्रयोगातही सगळं भाषण म्हणा हं."

म्हातारा हरखला. "बरंच झालं साहेब. बहिणीचं, विनीचं पत्र आलंय, नेमका तेव्हाच टीव्ही बिघडला म्हणे. कारागीर बोलावलाय तिनं."

गुरुवारी सातवी ओळ आली आणि बाईंचा अंगठा माझ्यावर आला. मी अडकून बसायला हवं होतं. पण माझी स्प्रिंग नवी होती, मी मुकाट्यानं दबलं. त्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी थॅकवे बाईंना विनीचं दुसरं पत्र दाखवायला आले. 'लेनी, कारागीर म्हणतो टीव्ही ठणठणीत आहे. तुझं भाषण आलं की माझेच कान जातात रे.'

"मिस प्रुएट, तुम्हाला तरी ऐकू आलं ना?"

"आलं ना. शब्द न् शब्द."

आता माझी स्प्रिंग मोडली आहे. मी एका खणात पडून असतं. एकच विनवणी आहे. पडद्यावर कुणाचे ओठ हलताना दिसले आणि आवाज आला नाही, तर आपल्या कानांना दोष देऊ नका.